जर्मन किटली

कोणाच्या घरी पुढ्यात चांदीची वाटी आली की तिच्यात काय वाढलंय हे मला दिसत नाही. ती रिकामी कधी होते आणि मी पालथी कधी करते, एवढंच डोक्यात असतं. खीर घशाखाली ढकलायची, कोणाचं लक्ष नाही असं बघायचं आणि वाटीच्या बुडाशी डोळा न्यायचा. नोकरी संपली तरी ही सवय गेलेली नाही, जित्याची खोड. आमचे हे शेजारी बसलेले असले तर टेबलाखालून पाय मारतात. सासूबाई होत्या तेव्हा त्या सरळ बोलायच्या. नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी रुखवतातला करंडा उचलून उलटा केला, तर भर मांडवात म्हणाल्या, "अगो, भांडी कित्याक उलथी करून बघतंस? लोकांका काय वाटात?" सगळे हसले. करंडा नुसता मुलामा दिलेला होता आणि ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, कारण ते लग्न टिकलंय आणि करंड्याचा मुलामा केव्हाच उडून गेलाय.

माझी सगळी नोकरी घाटकोपरच्या एका जुन्या पेढीवर झाली. पुढच्या बाजूला दागिने, आणि आत, काचेच्या दारामागे, जुनी चांदी: चहाचे संच, ट्रे, अत्तरदाण्या, सुऱ्या-काटे, कोणाकोणाच्या आजोबांना मिळालेले कप. मी आले बिलं करायला. आमचे शेठ कांतीभाई यांना विलायती चांदीचा नाद होता, पण बुडावरचं बारीक अक्षर वाचायला त्यांना चष्माही पुरत नव्हता. माझे डोळे चांगले होते. एवढ्या भांडवलावर मी या धंद्यात शिरले. भिंग हातात आलं आणि पुन्हा बिलांकडे बघावंसं वाटलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चांदी ओळखायची म्हणजे घासायची, ॲसिड टाकायचं. ते सगळ्यात शेवटी. आधी भांडं वाचायचं. विलायती चांदीच्या बुडाशी किंवा कडेला ठशांची एक ओळ असते. चालता सिंह असला तर चांदी खरी. त्याच्या शेजारी गावाची खूण: बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. नांगर बोटीचा, शेतातला नव्हे. मी पहिले काही दिवस शेतातलाच शोधत होते आणि शेठ तोंड फिरवून हसत होते. मग एक अक्षर, ज्यावरून साल कळतं, आणि घडवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवर यातलं बहुतेक काहीच सापडत नाही. आपला सोनार पिढीजात ओळखीचा. त्याच्या तोंडाकडे बघून चांदी घ्यायची, भांड्याच्या बुडाकडे बघून नाही.

या सिंहाच्या जोडीला फसवे ठसेही असतात. चार छोट्या चौकटी आणि त्यांत चार इंग्रजी अक्षरं: ई, पी, एन, एस. लांबून ती ओळ सिंह-नांगराच्या ओळीसारखीच दिसते, आणि तशी दिसावी म्हणूनच ती तशी ठोकलेली असते. अर्थ एवढाच, की आत जर्मन सिल्व्हर आणि वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. जर्मन सिल्व्हरच्या नावात सिल्व्हर आहे, धातूत नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिलाफ.

अंधेरीचे एक नाबर म्हणून गृहस्थ एकदा मोठा ट्रे घेऊन आले. आजोबांचा. आजोबा सावंतवाडीला कोणा साहेबाकडे कारकून होते, साहेबाने जाताना दिलेला. नाबरांनी ट्रे उलटा केला आणि त्या चार अक्षरांवर बोट ठेवलं.

"नाव कोरून दिलंय बघा. एकनाथ परशुराम नाबर, सावंतवाडी. ई, पी, एन, एस."

मी भिंगातून बघत राहिले, कारण मान वर केली असती तर हसू फुटलं असतं. शेवटी सांगावं लागलं. ते शांतपणे ऐकत होते, आणि तेच मला जास्त लागलं. एखादा भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी ट्रे टॉवेलात गुंडाळला, दारापर्यंत गेले, परत आले.

"मॅडम, माझ्या वडिलांना आजोबांनी हेच सांगितलंय. आणि त्यांनी आम्हाला," ते म्हणाले. "आता मुलाला काय सांगू?"

"नाबर, सावंतवाडी हेच सांगा," मी म्हटलं. "अक्षरं तीच आहेत."

ते हसले आणि गेले. पेढीवर बसून मी चुकीचं काही बोलले असेन तर ते हे एवढंच, आणि त्याची मला लाज नाही.

दुसरा घोळ 'जर्मन' या शब्दाचा. आपल्या लोकांत 'जर्मनचं भांडं' म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. दिंडोशीच्या एका बाईंना मी त्यांचं तबक जर्मन सिल्व्हरचं असल्याचं सांगितलं, तर त्या उखडल्याच. "जर्मन? आमच्या न्हाणीत जर्मनचं टोप आहे, त्यात पाणी तापवतो आम्ही. हे काय तसलं दिसतं?" समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला. तेव्हापासून तो शब्द उच्चारताना मी आधी समोरच्याचं तोंड बघायची, कारण त्याच्या डोक्यात कोणतं जर्मन आहे हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. आणि यात तिसरं जर्मन अजून आलेलंच नाही.

पुढे पेढीवर मशीन आलं. भांडं आत ठेवलं की कोणता धातू किती, ते पडद्यावर दिसतं. मशीन चांगलं आहे, माझ्यासारखं कंटाळत नाही, पाय हलवत बसत नाही. पण त्याला सिंह दिसत नाही आणि नांगर दिसत नाही. मशीन आल्यावर माल पटापट वितळायला जाऊ लागला. जुनी चांदी विकत घेणारी माणसं कमी, आणि कोणाच्या तरी हाताने ठोकून काढलेली वेलबुट्टी मुशीत पडायला वेळ लागत नाही. एका अत्तरदाणीवर इतके देखणे मोर होते की मी शेठना दोनदा म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "बेन, ठेवू कुठे?" त्यांचंही खरं होतं. तरी त्या दिवशी मी डबा न खाता घरी नेला.

आता जर्मन किटलीचं सांगते. तिने मला आजही स्वस्थ बसू दिलेलं नाही. नोकरीचे शेवटचे महिने होते.

दुपारी दोघं आली. पुढे पन्नाशीतले एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, हात मोकळे. मागे एक बाई, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. ज्या पद्धतीने ती धरली होती त्यावरून नवराबायको नव्हेत हे कळत होतं, आणि भांडण अजून संपलेलं नाही हेही.

"मॅडम, एवढंच सांगा," गृहस्थ म्हणाले, "चांदी आहे की जर्मन सिल्व्हर?"

बाईंनी पिशवीतून किटली काढली. कॉफीची, उंच, काळ्या लाकडी मुठीची. बरीच काळवंडलेली. मी हात पुढे केला तशी त्यांनी ती माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवली आणि एक बोट तिच्यावर तसंच राहू दिलं.

हळूहळू सगळं कळलं. बाईंचं नाव वनिता. कुर्ल्याला राहायच्या. गृहस्थांच्या आईला अंथरूण धरल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं होतं, मुलुंडच्या घरी. आईंना त्या काकू म्हणत, गृहस्थांना दादा. काकूंचे यजमान तरुणपणी मशीनचं काम शिकायला जर्मनीला गेले होते, तिकडून त्यांनी ही किटली आणलेली. घरात तिचं नावच जर्मन किटली.

"गेल्या दिवाळीत काकूंनी सगळ्यांसमोर दिली," वनिताबाई म्हणाल्या. "मी मागितली नव्हती. म्हणाल्या, ही जर्मन किटली वनिताला. दादा होते, वहिनी होत्या, सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं ना. म्हणून तर कोणी काही बोललं नाही," दादा म्हणाले. "जर्मन तर आहे, म्हटलं राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता आई गेली. यांच्या मुलीने परवा स्टेटसला फोटो टाकला, किटलीत फुलं ठेवलेला. माझा मेव्हणा म्हणतो, ही चांदी दिसते. आमचं दोघांचं ठरलंय, मॅडम. जर्मन सिल्व्हर निघाली तर ताईंची ताईंकडे. चांदी निघाली तर घरची वस्तू घरी. आईला माहीतच नसणार, चुकून दिली तिने."

माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नव्हता, 'ताई' म्हणायला विसरत नव्हता. मी वनिताबाईंकडे बघितलं. हे तुम्हाला कबूल आहे का, असं विचारायला तोंड उघडणार तोच त्या बोलल्या.

"चुकून दिलेलं मला नकोच आहे. म्हातारीला गंडवून चांदी नेली, असं कोणी बोललं तर? घरात काही सापडेनासं झालं की पहिला संशय आमच्यावर येतो, मॅडम. एवढी घरं केली, एकाही घरातून तसं नाव घेऊन बाहेर पडले नाही. काकूंना ठाऊक नसेल तर मी ठेवणार नाही. पण ठाऊक नसेल, हे दादा कसं ठरवतात?"

"तिने कधी म्हटलं का चांदी? जर्मनच म्हणायची," दादा म्हणाले.

मी किटली उचलली. वजन चांगलं होतं, पण वजनावर मी कधी विसंबले नाही. मुठीजवळ आणि चोचीच्या टोकाला बघितलं, जिथे मुलामा आधी उडतो. कुठेही खालचा धातू डोकावत नव्हता. मग पालथी केली, बूड कापडाने पुसलं, भिंग लावलं. चंद्रकोर. तिच्या शेजारी मुकुट. त्याच्या शेजारी ८००.

हे ते तिसरं जर्मन. जर्मनीत घडलेल्या खऱ्या चांदीवर चंद्र आणि मुकुट असतो. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. विलायती चांदीपेक्षा थोडी कमी, पण चांदी.

माझा पाय काउंटरखाली हलायला लागला. जिभेवर वाक्य तयार होतं: जर्मन आहे. त्यात अक्षरही खोटं नव्हतं. किटली जर्मन होती, ठसा जर्मन होता. दादांनी आपल्या अर्थाने ऐकलं असतं, वनिताबाई पिशवी उचलून कुर्ल्याला गेल्या असत्या, आणि देवासमोर उभं राहून मला सांगता आलं असतं की मी खोटं बोलले नाही. मी उठले, आतल्या माठातलं पाणी प्यायले. पेला ठेवला. पुन्हा भरला. मशीन दाखवा म्हणाले तर माझी लबाडी तिथेच उघडी पडेल, हेही मनात आलं, कशाला लपवू? पण मला अडवलं ते मशीनने नाही. त्या बाईला किटली हवी होती, पण त्याहून स्वतःवर डाग नको होता. माझ्या शब्दावर ती किटली घरी नेली असती तर डाग तिच्या नकळत तिच्याच फळीवर जाऊन बसला असता. मी भांडी वाचते, माणसांची लग्नं आणि वाटण्या लावत नाही, असं स्वतःला बजावत बाहेर आले. राग मात्र आला होता, कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

"चांदी आहे," मी म्हटलं. "जर्मनीत घडवलेली. जर्मन सिल्व्हर नाही."

दादांनी श्वास सोडला. जिंकल्यासारखा नव्हे, काम आटोपल्यासारखा. वनिताबाईंनी किटलीवरचं बोट उचललं. तिचं झाकण नीट बसवलं आणि दोन्ही हातांनी ती दादांच्या बाजूला सरकवली.

"न्या," त्या म्हणाल्या. "ठरलं ते ठरलं."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझे हात थाऱ्यावर राहत नाहीत, हे सांगून झालंच आहे. मी किटली पुन्हा उचलली, उगाच, आणि कापड फिरवायला लागले. झाकणावरून खाली पोटापर्यंत एक सरळ काळी रेघ होती. पुसली तरी जाईना. बाकी काळेपण कापडावर उतरत होतं, ती रेघ नाही. अशी रेघ मी ओळखते, त्यामुळे तोंडातून सवयीने प्रश्न गेला.

"याला कोणी रबर बांधलं होतं का?"

"मीच बांधलं होतं," वनिताबाई म्हणाल्या. "झाकण सैल आहे, किटली हलवली की पडतं. गेल्या पावसाळ्यात मेथीच्या जुडीचं रबर लावून ठेवलं. काकूंना कुशीवर वळता येत नव्हतं, पण ओरडल्या काय! काढ आधी ते, म्हणाल्या, रबर खातं त्याला. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी."

दादांना एकदम हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"अहो, मीसुद्धा मार खाल्लाय त्यावरून. चौथी-पाचवीत असेन. रबर ताणून किटलीवर चढवायचा खेळ चालला होता माझा. आई पोळ्या टाकून धावत आली, तशाच पिठाच्या हाताने पाठीत धपाटा. म्हणते, मेल्या, रबर चांदी खातं..."

ते थांबले.

बाहेर दागिन्यांच्या बाजूला कोणीतरी नथी बघत होतं, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.  मला आधी कळलं, का वनिताबाईंना, सांगता येणार नाही.

"काय म्हणाल्या काकू?" त्यांनी विचारलं.

दादा किटलीकडे बघत होते.

"दादा, काय म्हणाल्या?"

"रबर चांदी खातं," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे ठाऊक होतं."

"तेव्हा असेल. नंतर विसरली असेल आई. किती वर्षं झाली त्याला."

"रबरावरून मला ओरडल्या त्या गेल्या पावसाळ्यात," वनिताबाई म्हणाल्या. "आणि किटली दिली दिवाळीत. मधल्या दिवसांत विसरल्या?"

 माझ्या डोळ्यांपुढे ती न बघितलेली म्हातारी आली. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने घरातल्या सगळ्यांची तोंडं बघून घेतली होती. कोणाच्या डोक्यात कोणतं जर्मन आहे ते तिला बरोबर माहीत होतं. चांदीची म्हणाली असती तर त्याच क्षणी कोणीतरी 'अगं आई' म्हणून पुढे आलं असतं. तिने सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात, खरं तेच सांगितलं: जर्मन किटली. मघाशी जो शब्द मी पाण्याबरोबर गिळला तो तिने दिवाळीलाच वापरून टाकला होता, आणि तिला तो अधिकार होता, कारण वस्तू तिची होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. मी किटली खाली ठेवली आणि भिंग पुसायला घेतलं.

वनिताबाईंनी हात लांब केला आणि काउंटरवरून किटली आपल्याकडे ओढली.

"ठाऊक नसतं तर दिली असती, दादा. ठरलं होतं तसं. आता नाही देणार."

आवाजात भांडण नव्हतं. त्यांनी ओढणीच्या टोकाने चोचीवरचा माझ्या बोटाचा ठसा पुसला, किटली पिशवीत ठेवली आणि पिशवी या वेळी खांद्याला लावली. पोटाशी धरली नाही.

 दादा मेव्हण्याला फोन लावतील, ओरडतील, मला पुन्हा तपासायला सांगतील, अशा सगळ्या तयारीने माझा पाय हलत होता. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी मला विचारलं, "रबर खरंच खातं, मॅडम?" मी म्हटलं, "हो, काळं करतं. जुनी रेघ सहसा जात नाही." त्यांनी मान हलवली. मग पुढे होऊन काचेचं दार उघडून धरलं, कारण ते जड आहे आणि वनिताबाईंचा एक हात पिशवीवर होता.

"वनिताताई," दारातून ते म्हणाले, "रबर नका लावू हं त्याला."

"नाही," त्या म्हणाल्या. "दोरा बांधते."